दहात तीन म्हणजे नापास

वाऱ्यानं शेडनेट उचललं तेव्हा जया दाराशी उभी होती. एका हातानं तिनं जाळीचा पडदा धरला होता आणि दुसऱ्या हातानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं होतं. मी बांधावर पालथी पडले. वळून पाहिलं तेव्हा हिरवी जाळी, तारा, लोखंडी पाइप सगळं एकदम वर चढलेलं होतं, ओलं लुगडं झटकावं तसं, आणि मग ते खाली आलं. खाली जया होती. पाइप मानेवर बसला. तिला गाडीत घालून मेहकरला दवाखान्यात नेलं, पण ती बांधावरच गेली होती. नेलं ते लोकांनी काही म्हणू नये म्हणून.

जयश्री माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याला हवामानाच्या एका संस्थेत होती. पाऊस, वारा, ऊन पुढं कसं राहील याचं गणित कॉम्प्युटरवर करायचं, हे तिचं काम. शेडनेट, म्हणजे पिकावरचा हा जाळीचा मांडव, माझ्या मुलाचं, गजाननचं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. गावात म्हणतात, वाऱ्याचा अंदाज सांगणारी वाऱ्यानंच मेली. पेपरातही तसंच आलं. वारा येणार नाही असं तिनंच सकाळी सांगितलं होतं आणि तिचाच अंदाज तिला भोवला, असं छापलं होतं. तिनं तसं सांगितलं नव्हतं. ती सांगत होती तेव्हा मी समोर बसून चहा गाळत होते. म्हणून हे छापायला लिहून दिलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळं लांबण लावायची मला सवय नाही.

मेल्यावर माणूस गोड होतो. जया गोड नव्हती. माझ्या माहेरच्या गावी शाळा चौथीपर्यंतच, म्हणून भावानं तिला पाचवीला माझ्याकडं आणून ठेवलं. आमच्या गावाहून डोणगावचं हायस्कूल पायी जाण्यासारखं होतं. भाकरी करायला बसवली की ती जाळायची आणि वर म्हणायची की तवाच पातळ आहे. उलट बोलायची. एकच प्रश्न तीनदा विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर चौथ्यांदा. तेव्हा घरी रेडिओ होता. संध्याकाळी बातम्या झाल्या की हवामान सांगायचे, विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. ती माझ्या मागं लागायची.

“तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं वं आत्या?”

“जिथं पडन तिथं.”

“मंग हे सांगून उपयोग काय?”

“उपयोग हाच, का सांगणाऱ्याले पगार भेटते.”

पुढं तिलाच तो पगार मिळायला लागला तेव्हा मी तिला हे ऐकवलं. ती म्हणाली, “भेटते, पण लोकायच्या शिव्या कापून.”

दहावीनंतर ती अमरावतीला शिकली, मग पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. लग्न केलं नाही. त्यावरून माझा भाऊ रडला, मी रडले नाही. लग्न करून मी काय मिळवलं होतं ते तिनं माझ्या घरात राहून पाहिलंच होतं. वर्षातून दोनदा ती यायची, उन्हाळ्यात आणि दसऱ्याला. आली की गावची भाषा लगेच तोंडात यायची, आणि भांडणही.

ती नक्की काय करते हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. एका उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर माझ्या जुन्या चौकटीच्या लुगड्यावर कुरड्या घालत होतो, तेव्हा मी विचारलं. तिनं लुगड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, “हे पाह्य. आम्ही सारी पृथ्वी अशी चौकटीत कापतो. वर आभाळात बी चौकटीच, एकावर एक, उतरंडीवानी. एका चौकटीत एकच आकडा. गरमी किती, वारं किती, ओल किती. या चौकटीतून शेजारच्या चौकटीत काय जाईन, याचे नियम ठरेल हायेत. कॉम्प्युटर त्या नियमानं पुढच्या काही मिनिटांचा आकडा काढते. मंग त्याच्यावरून त्याच्या पुढचा. असं करत करत दहा दिवस पुढं जाते.”

मी म्हटलं, “म्हणजे शेजाऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या घरात येते, तसंच.”

“तसंच. फक्त आमचे शेजारी नियमानं भांडतात.”

मग तिनं आपल्या गावाची चौकट दाखवली. एका कुरडईएवढ्या जागेत आमचं गाव, नदीपलीकडचं गाव, मधली टेकडी, सगळं आलं. त्या सगळ्याला एकच आकडा. मी म्हटलं, त्यांच्याकडं पडलेला पाऊस आमच्या नावावर कसा लावता, त्यांच्या पापात आमची भागी कशाला? ती हसली, पण मग गंभीर झाली. म्हणाली, खरी अडचण तीच आहे. एखादा ढग चौकटीपेक्षा लहान असतो. तो एका वावरावर उठतो, तासाभरात झोडपतो आणि मरतो. कॉम्प्युटरला तो वेगळा दिसतच नाही, त्याचा नुसता अंदाज बसवावा लागतो. चौकटी लहान करता येतात, केल्याही आहेत, पण जितकी चौकट लहान तितकं गणित वाढतं, आणि आजचं गणित परवा हाती आलं तर काय कामाचं?

दहात तीन म्हणजे काय तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं. आज गरमी किती, वारं किती, हे सगळीकडचं नेमकं कुणालाच माहीत नसतं. सुरुवातीलाच केसाएवढी चूक राहिली तर आठ दिवसांनी ती डोंगराएवढी होते. म्हणून तेच गणित, सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून, पुन्हा पुन्हा करतात. दहा गणितांपैकी तिनांत वादळ आलं तर सांगायचं, दहात तीन. बाकीची सात खोटी आणि ही तीन खरी असं नसतं, किंवा उलटही नसतं. दहाही होऊ शकतात. त्यातलं एक होतं.

“अन् मी मेल्यावरचं काय सांगते तुझं मशीन?” मी विचारलं.

“ते बी सांगते. पन्नास वर्षांनंतरचं सांगते. पण तव्हा कोणत्या दिवशी पाऊस येईन ते नाई सांगत. पाह्य, उद्या तुही म्हैस किती दूध देईन हे तुले नक्की सांगता येते का? नाई. पण तिचा चाराच बदलला, तं वर्षात काय होईन हे तुले ठाऊक हाये. आभाळाचा चारा बदलला हाये, आत्या. धुरानं हवा तापली. पाऊस कमी दिवसांत पडन, पण पडन तव्हा झोडपून पडन.”

मला ते पटलं. म्हैस मी चाळीस वर्षं पाळली आहे. गजाननला पटलं नाही, कारण त्यानं ऐकलं नाही.

गजानन माझा एकुलता एक मुलगा. कष्टाळू आहे, हे मी कुणासमोरही सांगेन. पण खोटं बोलणं त्याला खोटं वाटत नाही, हुशारी वाटते. आमच्या ग्रामपंचायतीमागं तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं यंत्र आहे. आकडा तिथून आपोआप वर जातो. त्या आकड्यावर पिकाचा विमा ठरतो, यंत्रात पाऊस दिसला नाही तर विमा मिळतो. एका श्रावणात जयाचा पुण्याहून फोन आला.

“आत्या, तिकडं पाऊस हाये का?”

“धो धो. अंगणाचं तळं झालं.”

“इकडं आपल्या गावचं शून्य दिसून राह्यलं.”

यंत्राच्या तोंडावर कुणीतरी ढेपेचं पोतं बांधलं होतं. कुणी ते सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही. शिडी आमच्या घरून गेली होती. दसऱ्याला जया आली ती यावरच बोलायला लागली. ओट्यावर चार माणसं बसली होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

“गजाभाऊ, पोतं काऊन बांधलं?”

“तुह्या कॉम्प्युटरले एका गावानं काय फरक पडते वं?”

“आपल्या चौकटीत हे एकच यंत्र हाये. गणित बरोबर आलं का नाई ते आम्ही याच्यावरून तपासतो. आमचं गणित पाऊस म्हणे, तुमचं यंत्र म्हणे शून्य. मंग आम्ही काय करतो? बरोबर आलेलं गणित मोडून चुकीचं करून ठेवतो. अन् उद्या चुकलं का तुम्हीच म्हणता, हे पुण्यातले झोपून राह्यले का.”

“चुकू दे. तुहं गणित खऱ्यावर चालत असन, आमचं पोट नाई चालत खऱ्यावर.”

सगळे हसले. तीही हसली, मग उठून आत गेली आणि रात्री जेवली नाही. हवामानखात्याला शिव्या देणाऱ्या माझ्या गावानं त्याच्या यंत्रावर पोतं बांधलं होतं, हे मी कुठल्याही पेपरात वाचलं नाही.

एवढं असूनही सगळे तिलाच फोन करायचे. हरभरा काढू का, फवारणी करू का, मांडवावर ताडपत्री घालू का. लोकांना हो किंवा नाही पाहिजे असायचं. ती आकडा सांगायची. गजाननच्या नेटवर काम करणारी लीला, तिच्या मुलीच्या लग्नाला आभाळ आलं होतं. लीलानं फोन लावला, जयानं सांगितलं, दहात तीन. लीलाला काही कळेना. तेव्हा गजानन म्हणाला, “शाळेत पास व्हायले पस्तीस लागतात. तीस म्हणजे नापास. जाय, पाऊस नापास झाला, बिनधास्त वाजव वाजंत्री.” ताडपत्री घातली नाही आणि पाऊसही आला नाही. त्या दिवसापासून गावात तोच हिशेब सुरू झाला. दहात चार म्हणजे पास, पाऊस येणार. दहात तीन म्हणजे नापास, येणार नाही. बहुतेक वेळा ते जमायचं, जमणारच, म्हणून लोकांचा विश्वास वाढत गेला. जयाला कळलं तेव्हा ती इतकी चिडली की फोनवर तिचा आवाज फाटला. “नापास काय बे? असं आभाळ दहा वेळा आलं तं तीन वेळा पडते. ते तीन वेळा कोणाच्या तरी डोक्यावर पडतेच ना!” गजानन मला म्हणाला, शिकून शिकून हिला साधी गोष्ट अवघड करायची सवय लागली.

आता त्या दिवसाचं सांगते.

नेटमध्ये एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार होत होतं. हे काम ज्यानं केलं नाही त्याला वाटतं, मिरची लावली आणि तोडली. तसं नसतं. दुपारनंतर बाया एकेक कच्ची कळी चिमट्यानं उघडतात आणि आतला नर भाग काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या मिरचीचे पराग त्या फुलाला लावतात. कळी त्याच दिवशी उघडावी लागते. एक दिवस राहिली तर ती आपली आपण फळते आणि बियाणं मिसळीचं होतं, कंपनी ते घेत नाही. म्हणून हंगामात नेटचा मालक बायांना हलू देत नाही. मी म्हातारी, मला कळी दिसत नाही. मी चिमटे धुवायची, फुलाला खूण म्हणून बांधायचे दोरे कापून द्यायची आणि बायांवर लक्ष ठेवायची.

जया दसऱ्याच्या सुटीत आलेली होती. सकाळी ती ओट्यावर मोबाइल पाहत बसली होती. गजानननं चप्पल घालता घालता विचारलं, “आज वारं हाये का?”

ती म्हणाली, “वादळाचं दहात तीन दिसून राह्यलं. पण ते साऱ्या चौकटीचं हाये. अशा गरमीत ढग एकदम एका जागी उठते, ते गणितात नाई मावत. दुपारी मावळतीकडं कोबीच्या गड्ड्यावानी ढग वर चढताना दिसला, तं बायांले बाहेर काढजो. तुही जाळी शिडावानी वारं धरते.”

“नापास,” गजानन म्हणाला आणि गाडीवर बसला.

एवढंच बोलणं झालं. ती ‘वारा येणार नाही’ म्हणाली नाही. ढग कसा दिसेल, कुठून येईल आणि तेव्हा काय करायचं, सगळं तिनं सांगितलं होतं. यापेक्षा जास्त कुठला कॉम्प्युटर सांगणार होता?

दुपारी ढग आला. तिनं सांगितला होता तसाच, मावळतीकडून, पांढरा, गड्ड्यासारखा फुगत फुगत, आणि बुडाला काळा. नेटच्या आत हिरवा उजेड असतो, आम्हाला काही कळलं नाही. हवा मात्र थांबली होती. मग बाहेर जयाचा आवाज आला. घरून चालत आली होती, धापा टाकत होती. गजानन बाहेर दाराशीच उभा होता.

“काढ त्यायले बाहेर.”

“घंटाभर थांब ना,” गजानन म्हणाला. “चार ओळी राह्यल्या.”

“तिकडं पाह्य.”

“सकाळी तं तूच दहात तीन म्हणली.”

“हाव, म्हणली. हे त्या तीनातलं हाये!”

गजाननला राग आला. तो विहिरीकडं मोटर बंद करायला निघून गेला. जातानाही त्यानं बायांना निघा म्हटलं नाही. जयानं दाराचा पडदा उचलला आणि आत तोंड घालून ओरडली, “लीला, ठेव चिमटा, निंघ.”

लीला जागची उठली नाही. “मालक म्हणतीन तं निंघतो, ताई. अर्धी रोजी कापतात.”

“जगशीन तं रोजी घेशीन ना! निंघ म्हणतो ना तुले!”

तिचा आवाज ऐकून बाया उठल्या. कुरकुरत, पदर झटकत, एकमेकींना ढकलत बाहेर पडल्या. ती काही शूरपणा करत होती असं मला वाटलं नाही. ती वैतागलेली होती, लहानपणी वैतागायची तशीच. मी शेवटच्या टोकाला होते. बायांनी टाकलेले चिमटे मी गोळा करत होते, ते मातीत पडले की गंजतात. बाहेरून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, जाळी फुगली. जया आत आली, माझा दंड धरला आणि दारापर्यंत ओढत नेलं.

“चिमटे राहू दे वं! म्हातारी झाली, अक्कल नाई आली…”

तिचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. चांगलंच होतं. खरं होतं.

पोलीस आले तेव्हा गजानननं सांगितलं की बाया चहा प्यायला बाहेर आल्या होत्या आणि जया मोबाइलवर फोटो काढायला नेटजवळ गेली. वारा नाही असं सकाळी तिनंच सांगितलं होतं, म्हणून काम सुरू ठेवलं. पेपरवाल्यानं तेच लिहून नेलं. बाया बाजूला उभ्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. मला कुणी विचारलं नाही, मी तेव्हा मेहकरच्या वाटेवर गाडीत तिचं डोकं धरून बसले होते, हे सगळं मला मागाहून कळलं.

तेराव्यानंतर मी नळावर लीलाला गाठलं.

“तू काऊन गप बसली?”

“काकू, गावात दुसरं नेट कोणाचं हाये सांगा. मले तिथंच जा लागते ना.”

“तिनं तुले हाकललं नसतं तं?”

“तं मी मेली असती. ठाऊक हाये मले.” तिनं घागर उचलली. “पण आता मेली नाई ना, तं खा तं लागनच.”

मी तिला दोष दिला नाही असं म्हणणार नाही. दिला. पण तिचं बोलणं खोटं नाही, हेही मला कळतं.

पुण्याहून जयाच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी भेटायला आली होती. माझ्या भावानं तिला हात जोडून विचारलं, “माह्या पोरीचं गणित चुकलं होतं का?” ती म्हणाली, “नाही काका. त्या दिवशी दहात तीन होतं, आणि ते झालं. ते गणित बरोबरच होतं.” भावाला हो किंवा नाही पाहिजे होतं. ती गेल्यावर त्यानं मला विचारलं, “म्हणजे चुकलं का बरोबर आलं?” मी म्हटलं, बरोबर आलं. त्यानं पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाला, मग यात चुकलं असं का लिहिलं? तुझाच भाचा तसं सांगतो म्हणून, हे मी त्याला सांगू शकले नाही. आता भाऊ ते इथं वाचेल.

जयानं माझ्या मोबाइलमध्ये रोज सकाळी अंदाज येईल असं काहीतरी करून ठेवलं होतं. तो अजून येतो. गजानननं नवं नेट उभं केलं, पाइप तेच जुने, सरळ करून घेतले. परवा त्यानं निघताना मला विचारलं, “काय आकडा हाये आज?” मी सांगितला. तो गाडी सुरू करून गेला. मी त्याच्याच घरात राहते, त्याचीच भाकर खाते. हे छापून आल्यावर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे आणि काय करेल ते माहीत नाही. माझं वय झालं आहे, काय करायचं ते करो.

त्या दुपारी नेटमध्ये लीला होती, तिच्या ओळीतल्या बाकीच्या बाया होत्या आणि मी होते. आम्हाला जयानं बाहेर काढलं. आम्ही सगळ्या जगलो. गजानन विहिरीजवळ होता, तोही जगला.